वाळवंटातल्या घरांबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात जैसलमेरच्या हवेल्यांवर दोन पानं लिहिली होती आणि शेवटी सहज टाकलं होतं की काही शंका असतील तर कळवा. झालं, एवढ्या मेल आल्या की संपादकांनी या वेळचा विषयच बाजूला ठेवला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, राग नसावा.

प्रश्न : आम्ही दोघं मे महिन्यात जैसलमेरला गेलो होतो (हो, मे मधेच, सुट्टी तेव्हाच मिळाली, हसू नका). भर दुपारी एका जुन्या हवेलीत शिरलो तर माठाशेजारी बसल्यासारखं गार वाटलं. आणि आमचं हॉटेल नवीन बांधलेलं, तिथे रात्री 11 वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागत होती. दगड दोन्हीकडे तोच पिवळा. गाईड म्हणाला दगडातच गुण आहे. खरं का?

उत्तर : गाईडचं फार मनावर घेऊ नका ताई, दगडाचा गुण तेवढा नाही. तुमच्या हॉटेलला तो पिवळा दगड बहुतेक बाहेरून फरशीसारखा चिकटवलेला असणार, मागे नेहमीचं काँक्रीट-वीट आणि डोक्यावर चार-पाच इंची स्लॅब. उष्णता भिंतीतून चालत आत येते असं समजा, म्हणजे भिंत जेवढी जाड तेवढा तिला रस्ता लांब. चार इंची स्लॅबमधून ती साधारण अडीच-तीन तासांत आत पोचते, एक फूट जाड मातीच्या भिंतीतून यायला 8 ते 10 तास लागतात. दगडातून मातीपेक्षा लवकर येते म्हणून हवेलीच्या भिंती दीड फूट आणि त्याहून जाड, आणि छतावर दगडी पट्ट्यांवर मातीचा चांगला जाड थर. त्यामुळे दुपारचं ऊन हवेलीत पोचेपर्यंत रात्र झालेली असते.

आता इथे बरेच जण थांबतात आणि "जाड भिंत म्हणजे थंड घर" असं लिहून मोकळे होतात. पण विचार करा, ती उष्णता रात्री आत येतेच ना, मग रात्री हवेली गरम व्हायला पाहिजे. होतेच! म्हणून तर लोक रात्री गच्चीवर झोपायचे. वाळवंटात हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य मावळला की तापमान झपाट्याने उतरतं, दिवस-रात्रीत 15 अंशांचा फरक म्हणजे काही विशेष नाही. रात्री दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, गार वारा घरातून फिरवायचा, भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता सोडून द्यायची आणि सकाळी पुन्हा सगळं बंद. गच्चीवरची हवा रात्री गार होऊन जड होते, ती मधल्या चौकात उतरते आणि चौकात ऊन येईपर्यंत तिथेच पडून राहते, सकाळी चौकात पायाला जो गारवा लागतो तो हाच.

मी एकदा तिथे एका घरात चार दिवस राहिले होते. आजी सकाळी 8 च्या आत खिडक्यांच्या लाकडी फळ्या लावून टाकायच्या, खोलीत मिट्ट काळोख. दुसऱ्या दिवशी मला स्केच काढायचं होतं म्हणून मी दहाच्या सुमारास एक फळी हळूच उघडली तर मागून आवाज आला, "लू को अंदर बुलाओगी क्या?" ते बोलणं मला कॉलेजच्या पाच वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेलं. घर नुसतं बांधून चालत नाही, रोज चालवावं लागतं, वेळापत्रकाने. तुमच्या हॉटेलात दिवसभर पडदे उघडे आणि रात्री खिडक्या बंद करून एसी, म्हणजे बरोबर उलटा कारभार.

बाकी गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे ऊन खातात ती फक्त समोरची बाजू आणि छत. समोरच्या बाजूलाही झरोके बाहेर काढलेले आणि खोल कोरीवकाम, म्हणजे भिंत स्वतःच स्वतःवर सावली धरते. पुढच्या वेळी भर दुपारी जाल तेव्हा झरोक्याच्या खाली सावलीतल्या दगडाला एक हात लावा आणि शेजारच्या सपाट उन्हातल्या दगडाला दुसरा. दुसरा पटकन काढून घ्या.

प्रश्न : इराणच्या यज्द शहरातले ते वारा पकडणारे मनोरे (बादगीर) व्हिडिओत पाहिले. वीज नाही, पंखा नाही आणि खाली खोली गार. आम्ही अगदी समुद्राला लागून राहतो, उकाड्याने जीव जातो. गच्चीवर एक बांधून घेतला तर एसीचं बिल वाचेल का?

उत्तर : थोडा वारा मिळेल, पण यज्दसारखा गारवा मिळणार नाही. कारण सांगते.

बादगीर म्हणजे छताच्या वर काढलेलं उंच धुराडं, पण उलट्या कामाचं. वर वारा जोरात असतो आणि धूळ कमी, तो वरच्या फटींतून आत शिरतो आणि खाली खोलीत येतो. आतमध्ये उभ्या पडद्या टाकून कप्पे केलेले असतात, एका बाजूच्या कप्प्यातून वारा खाली येतो आणि दुसऱ्या बाजूने घरातली गरम हवा वर ओढली जाते. वारा पडला तरी मनोरा उन्हाने तापलेला असतो, आतली हवा हलकी होऊन वर जाते, म्हणजे ओढ चालूच. यज्दमधल्याच दौलताबाद बागेतला (आपलं दौलताबाद नव्हे) सगळ्यात प्रसिद्ध, आठ बाजूंचा, उंची सुमारे 33 मीटर. आणि यज्दच्या जवळच मेयबोदकडे बघाल तर तिथले बादगीर बरेचसे एकाच बाजूने उघडे, कारण चांगला वारा एकाच दिशेने येतो आणि बाकीच्या दिशांनी धूळ. एवढ्याशा अंतरावर सुद्धा लोकांनी डिझाइन बदललं, कॉपी-पेस्ट नाही केलं.

खरा गारवा येतो पाण्याने. आलेला वारा हौदावरून किंवा तळघरात कनातच्या (जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा) पाण्यावरून नेतात, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2.4 मेगाज्यूल लागतात, म्हणजे तासाला सव्वापाच लिटर पाणी वाफ झालं की एक टनाच्या एसीएवढं काम झालं. पण हे कधी, तर हवा कोरडी असेल तेव्हा. तुमच्याकडे हवेत आधीच इतकी वाफ आहे की ती आणखी घ्यायला तयारच नाही, कपडे वाळत नाहीत तिथे हवा काय गार होणार.

मग किनाऱ्यावर बादगीर नसतातच का? असतात! दुबईच्या जुन्या बस्तकिया वस्तीत आहेत, इराणमधून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेले, पण तिथे त्यांचं काम गार करणं नाही, घामावर वारा घालणं. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर समोरासमोर दोन खिडक्या आणि वर गरम हवा जायला एक झडप, खर्च कमी, काम तेच.

प्रश्न : मातीचं घर म्हणजे शेवटी कच्चंच घर ना? एक पाऊस, एक भूकंप आणि खलास. लोकांनी सिमेंट उगाच घेतलं का?

उत्तर : उगाच नाही घेतलं, ते आधीच कबूल करते. दरवर्षी लिंपायचं नाही, पाहुण्यांसमोर "पक्कं घर" म्हणता येतं, बँक कर्ज देते. पण "एक पाऊस आणि खलास" हे काही खरं नाही.

येमेनमध्ये शिबाम म्हणून गाव आहे, तटबंदीच्या आत कच्च्या विटांच्या इमारती, कच्च्या म्हणजे न भाजलेल्या, उन्हात वाळवलेल्या, काही सात मजल्यांच्या. गाव मुख्यतः 16 व्या शतकातलं. भिंती खाली जाड आणि वर जाताना निमुळत्या, खालच्या मजल्यावर धान्य आणि जनावरं, माणसं वर. पावसाचा मार बसतो त्या गच्चीला आणि वरच्या मजल्यांना चुन्याचा लेप, म्हणून लांबून बघितलं तर इमारतींनी पांढऱ्या टोप्या घातल्यात असं वाटतं. मातीचं घर पावसाने पडत नाही, गळक्या टोपीने आणि ओल्या पायाने पडतं. डोकं आणि पाय सांभाळले की शेकडो वर्षं जातात. 2008 च्या पुराने त्या भागात मोठं नुकसान केलं ते याच कारणाने, पाणी पायाशी आलं.

आणि आफ्रिकेत माली देशातल्या जेन्ने गावची मशीद. आत्ताची इमारत 1907 ची, सगळी मातीची, भिंतीतून ताडाच्या काठ्यांचे जुडगे बाहेर आलेले. मला आधी वाटायचं नुसती सजावट, तर ती कायमची परांची आहे! दरवर्षी अख्खा गाव जमतो, पोरं त्या काठ्यांवर चढतात आणि एका दमात सगळी मशीद लिंपून काढतात. मेंटेनन्स म्हणजे तिथे जत्रा असते. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला दहा जण येत नाहीत.

भूकंपाचं मात्र तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 26 डिसेंबर 2003 ला इराणच्या बम शहरात भूकंप झाला, जगप्रसिद्ध मातीचा किल्ला कोसळला आणि हजारो माणसं गेली, जड छतं, जड भिंती आणि त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नाही. पण त्याच्या आधी जवळपास तीन वर्षं, 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये काय झालं बघा, नवीन काँक्रीटच्या इमारती पत्त्यांसारख्या बसल्या आणि बन्नी भागातले बरेच भुंगे उभे राहिले. भुंगा म्हणजे तो उडणारा नव्हे, तिथलं गोल मातीचं घर. गोल भिंतीला कोपराच नाही, आणि भेगा आधी पडतात त्या कोपऱ्यात. वर गवताचं हलकं छप्पर, पडलं तरी माणूस चिरडत नाही. म्हणजे माती दोन्हीकडे, प्रश्न तिला आकार काय दिला आणि डोक्यावर वजन किती ठेवलं याचा आहे. आज मातीत बांधायचं असेल तर भूकंपाच्या भागात भिंतींना एकमेकींशी बांधणारे आडवे पट्टे हवेतच, इंजिनियरला विचारल्याशिवाय हौस करू नका.

एक कळकळीची सूचना, जुन्या मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा कधीही करू नका. आत गेलेली ओल बाहेर येत नाही, बाहेरून भिंत छान दिसते आणि आतून तिचा चिखल होत राहतो. मातीला माती नाहीतर चुना.

प्रश्न : वाळवंटात बर्फ करायचे म्हणे, तेही विजेशिवाय. हे व्हॉट्सॲपवालं ज्ञान आहे ना?

उत्तर : या वेळी व्हॉट्सॲप बरोबर निघालं! इराणमधे त्याला यखचाल म्हणतात. हिवाळ्याच्या रात्री उथळ खड्ड्यांत पाणी सोडायचे, उष्णता निरभ्र आकाशाकडे निघून जाते आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पाण्याचा पातळ थर गोठतो. दिवसा ऊन लागू नये म्हणून दक्षिणेला लांबलचक उंच भिंत. पहाटे बर्फ फोडून बाजूच्या घुमटाखाली खोल खड्ड्यात टाकायचा, मध्ये पेंढा, घुमटाची भिंत तळाशी प्रचंड जाड, आणि उन्हाळ्यात सरबताला बर्फ. मे महिन्यात तयार करायचे असं जर फॉरवर्डमध्ये असेल तर तेवढं चूक.

प्रश्न : वाळवंटी घरांबद्दल सगळे भिंतींचंच बोलतात, पाण्याचं काय?

उत्तर : बरं झालं विचारलंत, मागच्या लेखात मी पण विसरले होते. जैसलमेरला वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आतबाहेर. ऐकायला काहीच नाही, पण हिशोब करा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर. 100 चौरस मीटर छतावर 150 मिलिमीटर म्हणजे 15 हजार लिटर, थोडं उडून जाईल तरी घराला प्यायला वर्षभर पुरतं. थार भागात हे पाणी जमिनीखालच्या टांक्यात घेतात, वरून झाकलेला, म्हणजे ऊन नाही आणि बाष्पीभवन नाही. भोवतीची उतरती स्वच्छ जमीन म्हणजे आगोर, पाऊस तिच्यावरून वाहून आत येतो म्हणून तिथे चप्पल घालून जायचं नाही, जनावर बांधायचं नाही.

पाणी कमी म्हणून बांधकामात सुद्धा पाणी कमी. जुन्या जैसलमेरमध्ये दगडाला खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत, खूप ठिकाणी मधे चुना नाहीच. आज काँक्रीट केलं की आधी मिसळायला पाणी आणि नंतर कितीतरी दिवस वरून मारायला पाणी, टँकरने.

आणि याची उलटी बाजू म्हणजे जैसलमेरचा किल्ला. 1156 सालचा, आजही आत माणसं राहतात. शेकडो वर्षं पाणी डोक्यावरून वर न्यायचे, त्यामुळे प्रत्येक घागर जपून वापरली जायची. मग नळ आले, पाठोपाठ हॉटेलं आणि बाथरूम, पण एवढं पाणी बाहेर जाईल अशी गटारं नव्हती. ते मुरलं किल्ल्याच्या खालच्या मातीत आणि मऊ दगडात आणि काही बुरुज ढासळले. शत्रूचे वेढे सोसूनही उभा राहिलेला किल्ला सांडपाण्याने खिळखिळा केला. नळ नको होता असं मी म्हणत नाहीये, बाईमाणसाच्या डोक्यावरची घागर उतरली हे चांगलंच झालं, पण पाणी आत आणणाऱ्याने ते बाहेर कसं जाणार याचं ड्रॉइंग पण काढायला हवं होतं.

प्रश्न : मॅडम, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सस्टेनेबल डिझाइनच्या प्रोजेक्टला मी ऑफिस बिल्डिंगला दगडी जाळी आणि वर दोन घुमट दिलेत. ज्युरी म्हणाले वरवरचं आहे. मला कळलं नाही कुठे चुकलं.

उत्तर : अरे, ज्युरी बरोबर बोलले, पण नाउमेद होऊ नकोस, हे भल्याभल्यांनी केलंय. माझ्या एका जुन्या कामात क्लायंटच्या हट्टाने आम्ही पश्चिमेला सगळी काच लावली आणि मग "लोकल टच" म्हणून काचेच्या आतल्या बाजूने जाळी. आतल्या बाजूने! ऊन काचेतून आत आलेलं, जाळी तापून रेडिएटर झालेली, आणि उद्घाटनाला सगळे फोटो काढत होते. मी पण हसत उभी होते. जाळी काचेच्या बाहेर पाहिजे, ऊन घरात शिरायच्या आधी अडवायला, आणि तिच्या मागची खिडकी उघडता आली पाहिजे.

तर तुझ्या जाळीला हे विचार, ती कोणत्या दिशेला आहे, किती वाजता कुठे सावली पाडते, मागून वारा जायला वाट आहे का. उत्तर नसेल तर काढून टाक. आणि ऑफिस दिवसा चालतं, रात्री बंद, मग रात्री कोण खिडक्या उघडणार? तिथे मोटरच्या झडपा किंवा रात्रीचे पंखे लागतील, ते दाखव सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये).

दोन कामं नीट बघ. जैसलमेरजवळ कनोई गावातली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा, आर्किटेक्ट डायना केलॉगने केलेली. लंबगोल आकार, स्थानिक दगड, आतून चुना, जाळीची भिंत, मधे चौक, गच्चीवर सोलार पॅनेलचीच सावली, एसी नाही. दुसरं, इजिप्तमध्ये लक्सरजवळ आर्किटेक्ट हसन फतहींनी वसवलेलं न्यू गुर्ना गाव, 1940 च्या दशकातलं. फतहींनी नूबियाच्या (इजिप्तच्या दक्षिणेकडचा भाग) गवंड्यांकडून बिनलाकडी कमानीची पद्धत घेतली, कच्च्या विटा तिरक्या लावत जायच्या, खाली टेका लागत नाही. वाळवंटात लाकूड नाही तर ही केवढी मोठी गोष्ट. गाव सुंदर झालं, आणि ज्यांच्यासाठी बांधलं त्यातल्या बहुतेकांनी यायला नकार दिला. त्यांची जुनी घरं प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर होती, थडग्यांतल्या वस्तूंवर आणि पर्यटकांवर पोट चालायचं, आणि सरकारला त्यांना तिथून हलवायचं होतं. भिंत बरोबर, कमान बरोबर, माणसांना विचारायचं राहिलं. तुझ्या ज्युरीत हे बोल, घुमट का काढून टाकलेस ते पण बोल.

प्रश्न : तुमचे लेख छान पण रोमँटिक असतात. जुन्या घरात अंधार, धूळ, गच्चीवर झोपायला आता कोण जातं? सोलार लावा, एसी लावा, विषय संपला.

उत्तर : काका, अंधार आणि धूळ शंभर टक्के मान्य. आणखी एक मीच सांगते, ते सुंदर लिंपण बायका करतात, गुडघ्यावर बसून, दर वर्षी, आणि फोटोखाली त्यांचं नाव नसतं. त्यामुळे परत मागे चला असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

पण एसीने विषय संपत नाही, एसी आतली उष्णता बाहेर गल्लीत टाकतो, म्हणजे तुमचा गारवा शेजाऱ्याचा उकाडा. आणि सोलार दुपारी भरपूर असतं, रात्री 11 ला नसतं, तुमची स्लॅब मात्र तेव्हाही तापलेली. आधी ऊन भिंतीवर येऊ देऊ नका, मग छत पांढरं करा, मग रात्रीचा वारा घ्या, आणि एवढं करून उरेल तेवढ्यालाच एसी. मोठ्या शहरांनाही हे कळलंय, अबू धाबीच्या मसदार सिटीत गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्यात आणि 45 मीटरचा वाऱ्याचा मनोरा उभा केलाय, आणि तरीही आत एसी आहेच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक खोलीत, एक बाहेर सावलीत. चार दिवस नेहमीसारखं राहा, पुढचे चार दिवस बाहेरचा पारा आतल्याच्या वर गेला की खिडक्या-पडदे बंद आणि खाली आला की सताड उघडं. दर तीन तासांनी वहीत लिहा, रात्रीचा आकडा चुकवू नका, आणि आठही दिवसांचं पान मला पाठवा. आकडे वाईट आले तरी पुढच्या अंकात जसेच्या तसे छापेन.